सूक्ष्म अर्धसंवाहक लेसरमधील प्रकाशहानी आणि उत्सर्जनाची दिशा : हिशेब, मोजणी आणि रचना

काही मायक्रोमीटर व्यासाच्या अर्धसंवाहक लेसरवर काम करणाऱ्याच्या हाती दोन आलेख येतात. पहिला वर्णपटाचा असतो आणि त्यातील शिखराच्या रुंदीवरून प्रकाश कॅव्हिटीत, म्हणजे त्याला कोंडून ठेवणाऱ्या रचनेत, किती काळ टिकतो ते कळते. दुसरा कोनानुसार तीव्रतेचा असतो आणि बाहेर पडलेला प्रकाश कोणत्या दिशांना जातो ते त्यावरून समजते. हे आलेख बहुधा निरनिराळ्या उपकरणांवर काढले जातात आणि अहवालातही निरनिराळ्या प्रकरणांत जातात. खरे पाहता दुसरा आलेख हा पहिल्यातील एकाच घटकाचा तपशील आहे. एकूण हानीपैकी किती हानी आखलेल्या वाटेने बाहेर पडते हे ठरवल्याशिवाय दिशेच्या आलेखावरून कॅव्हिटीच्या आकाराबद्दल काहीही बोलणे घाईचे ठरते. पुढील विवेचन प्रामुख्याने चकतीच्या आकाराच्या आणि चकती मुद्दाम बिघडवून केलेल्या लेसरांना धरून आहे, कारण हा प्रश्न त्यांत सर्वांत ठळकपणे दिसतो. उभ्या दिशेने उत्सर्जन करणाऱ्या लेसरांना किंवा फोटॉनिक क्रिस्टलच्या कॅव्हिटींना यातील हिशेबाचा भाग तसाच लागू पडतो, दिशेचा भाग मात्र नाही.

लहान लेसरला आरसे का परवडत नाहीत

नेहमीच्या कडेने उत्सर्जन करणाऱ्या लेसरमध्ये स्फटिकाची तुटलेली कड हाच आरसा असतो. अपवर्तनांक ३.५ धरला तर लंब आपाताला या कडेवरून साधारण ३१ टक्के प्रकाश परत फिरतो. लेसरची लांबी ३०० मायक्रोमीटर असेल तर आरशांतून होणारी हानी दर सेंटिमीटरला सुमारे ४० इतकी येते आणि क्वांटम वेलमधून (प्रकाश वाढवणाऱ्या अतिपातळ थरातून) मिळणारी वाढ ती सहज भरून काढते. हीच लांबी १० मायक्रोमीटर केली की हानी त्याच प्रमाणात चढून दर सेंटिमीटरला १,२०० च्या आसपास जाते आणि एवढी मोडल वाढ (कॅव्हिटीत फिरणाऱ्या प्रकाशाला प्रत्यक्ष मिळणारी वाढ) एखाद-दुसऱ्या क्वांटम वेलमधून मिळत नाही.

यातून निघण्याची एक वाट म्हणजे थरांचे जवळजवळ परिपूर्ण आरसे रचणे. केनिची इगा यांनी १९७७ मध्ये मांडलेली उभ्या उत्सर्जनाच्या लेसरची कल्पना पुढे याच आरशांच्या बळावर उपयोगी पडली. दुसरी वाट म्हणजे आरसा टाकूनच देणे. चकतीच्या कडेला लागून फिरणारा प्रकाश कडेवर इतक्या तिरप्या कोनात आपटतो की त्याचे पूर्ण आंतरिक परावर्तन होते. अपवर्तनांक ३.३ असताना क्रांतिक कोन फक्त १७.६ अंशांचा असतो, म्हणजे कडेला चिकटून जाणारे किरण त्या मर्यादेपासून फार दूर असतात. ध्वनीच्या बाबतीत अशा फिरत्या लहरींचा अभ्यास लॉर्ड रॅले यांनी लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या घुमटासंदर्भात केला होता आणि त्या घुमटातील सज्जावरूनच प्रकाशाच्या या मोडनाही, म्हणजे कॅव्हिटीत टिकणाऱ्या ठराविक लहर-रचनांनाही, व्हिस्परिंग गॅलरी मोड म्हणतात. १९९२ मध्ये बेल लॅबोरेटरीजमधील संशोधकांनी इंडियम फॉस्फाइडवर वाढवलेल्या थरांतून खांबावर उभ्या असलेल्या अशा चकत्या कोरून लेसर चालवून दाखवला. पुढे जे काही आले त्याचा पाया तोच.

पहिली पायरी : कागदावरचा अंदाज

कुठलेही सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी चार आकडे हाताने काढावेत. उदाहरणादाखल त्रिज्या २.५ मायक्रोमीटर, तरंगलांबी १ मायक्रोमीटर आणि पातळ थराचा परिणामी अपवर्तनांक २.८ धरू. परिणामी अपवर्तनांक पदार्थाच्या मूळ अपवर्तनांकापेक्षा कमीच असतो, कारण सुमारे २०० नॅनोमीटर जाडीच्या पडद्यातील प्रकाशाचा काही भाग वर-खाली हवेत पसरलेला असतो. ही घट विसरून केलेले अंदाज सगळीकडेच चुकतात.

परिघाला अपवर्तनांकाने गुणून तरंगलांबीने भागले की ४४ येतात. ही परिघावर मावणाऱ्या लहरींची वरची मर्यादा आहे. प्रत्यक्ष मोडचे शिखर कडेपासून थोडे आत असते, त्यामुळे पहिल्या त्रिज्य क्रमाच्या (त्रिज्येच्या दिशेने एकच शिखर असलेल्या) मोडसाठी खरा क्रमांक ३८ च्या आसपास निघतो. लागोपाठच्या दोन मोडमधील अंतर काढताना समूह अपवर्तनांक (तरंगलांबीनुसार होणारा बदल धरून काढलेला अपवर्तनांक) वापरावा लागतो. तो ४ धरला तर तरंगलांबीच्या वर्गाला परिघ आणि समूह अपवर्तनांक यांच्या गुणाकाराने भागून साधारण १६ नॅनोमीटर मिळतात. क्वांटम वेलचा वाढीचा पट्टा काही दहा नॅनोमीटर रुंद असतो, म्हणजे त्यात प्रत्येक त्रिज्य क्रमाचे दोन-चार मोड बसतील. वर्णपटात त्याहून बरीच अधिक शिखरे दिसली तर वरच्या त्रिज्य क्रमांचे मोडही हजर आहेत असे समजावे.

चौथा आकडा सर्वांत बोलका आहे. वक्र कडेवर परावर्तन कधीच संपूर्ण नसते, कारण कडेबाहेरचे क्षीण होत जाणारे क्षेत्र केंद्रापासून एका विशिष्ट अंतरावर पोहोचले की पुन्हा वाहती लहर बनते. हे अंतर मोडचा क्रमांक गुणिले तरंगलांबी भागिले २π, म्हणजे आपल्या उदाहरणात सुमारे ६ मायक्रोमीटर आहे. चकतीची कड २.५ वर संपते आणि प्रकाश मोकळा होतो तो ६ वर. मधले साडेतीन मायक्रोमीटर त्याला बोगद्यासारखे पार करावे लागतात. त्यामुळेच आदर्श गोल चकतीची वक्रतेमुळे होणारी गळती त्रिज्या वाढताच घातांकी वेगाने घटते. या त्रिज्येला ती इतकी नगण्य असते की प्रत्यक्षात मोजलेल्या हानीशी तिचा संबंधच उरत नाही.

दुसरी पायरी : हानीचा ताळेबंद मांडणे

प्रकाश कॅव्हिटीत किती टिकतो याचे माप म्हणजे क्यू-गुणांक. तरंगलांबीला शिखराच्या रुंदीने भागले की तो मिळतो. निरनिराळ्या कारणांनी होणाऱ्या हानींचे क्यू-गुणांक सरळ बेरजेत येत नाहीत. त्यांचे व्यस्तांक बेरजेत येतात आणि म्हणून सर्वांत लहान क्यू-गुणांक एकूण निकाल ठरवतो. घटक मुख्यतः तीन आहेत: आकारामुळे होणारे किरणोत्सर्जन, कडेच्या खडबडीतपणामुळे होणारे प्रकीर्णन आणि पदार्थातील शोषण.

प्रकीर्णनाबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कडेची उंच-सखलता दुप्पट झाली तर हानी चौपट होते, म्हणून एचिंगच्या, म्हणजे थर कोरण्याच्या, मुखवट्याची कड गुळगुळीत करण्यावर घालवलेला वेळ सहसा वाया जात नाही. खडबडीतपणा कडेलगत किती अंतरापर्यंत सलग राहतो, त्या लांबीचाही हानीवर परिणाम होतो. त्यामुळे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फक्त वरून घेतलेले चित्र पुरत नाही आणि तिरप्या कोनातून भिंतीवरच्या उभ्या रेघाही पाहाव्या लागतात.

शोषणात मुक्त विद्युतभारांचे शोषण, कडेवरील पृष्ठ-अवस्थांचे शोषण आणि विद्युतपंप असेल, म्हणजे लेसरला ऊर्जा विजेने पुरवली जात असेल, तर धातूच्या संपर्काचे शोषण येते. धातू चकतीच्या मध्यभागी ठेवला तर पहिल्या त्रिज्य क्रमाच्या मोडला त्याची फारशी झळ पोहोचत नाही, कारण तो मोड कडेलगतच्या पट्ट्यात राहतो. चकती ज्या खांबावर उभी असते त्यालाही हेच लागू पडते. खांबाची त्रिज्या चकतीच्या निम्म्याहून कमी असेल तर हा मोड सुरक्षित असतो. खांब थोडा जाड ठेवला तर आतपर्यंत पसरणारे वरच्या क्रमांचे मोड गळून जातात आणि वर्णपट स्वच्छ होतो. मला ही युक्ती बहुतेक वेळा अधिक बारीक खांबापेक्षा बरी वाटते, कारण जाड खांबातून उष्णताही चांगली वाहून जाते.

एक गल्लत इथे वारंवार होते. पृष्ठभागावर होणारे इलेक्ट्रॉन-होल यांचे पुनःसंयोजन ही प्रकाशाची हानी नव्हे, तर विद्युतभारांची हानी आहे. तिने उंबरठा, म्हणजे लेसर चालू होण्यासाठी लागणारा किमान पंप, वाढतो, पण शिखर रुंद होत नाही. गॅलियम आर्सेनाइडच्या उघड्या पृष्ठावर ही प्रक्रिया इंडियम फॉस्फाइडच्या तुलनेत शेकडो पटींनी वेगवान असते आणि म्हणून लहान चकतीत तिचा फटका मोठा बसतो, कारण कडेचे क्षेत्रफळ आकारमानाच्या मानाने वाढलेले असते. अमोनियम सल्फाइडसारख्या द्रावणाने पृष्ठ निष्क्रिय केल्यावर उंबरठा उतरला आणि शिखराची रुंदी होती तेवढीच राहिली, तर दोष विद्युतभारांच्या बाजूला होता असे खुशाल समजावे.

आता ताळेबंदाचे एक उदाहरण घेऊ. दिशादर्शक उत्सर्जनासाठी आखलेल्या एका कॅव्हिटीचा आकारजन्य क्यू-गुणांक गणनेत १०,००,००० निघाला, प्रकीर्णनाचा २०,००० आणि शोषणाचा ४०,००० आहे असे धरू. व्यस्तांकांची बेरीज करून एकूण गुणांक सुमारे १३,१६० येतो. प्रकाश कॅव्हिटीत सुमारे ७ पिकोसेकंद टिकतो आणि उंबरठ्यासाठी दर सेंटिमीटरला साधारण १९ इतकी मोडल वाढ लागते. हे आकडे उत्तम दिसतात. तथापि, या कॅव्हिटीतून नाहीशा होणाऱ्या प्रत्येक शंभर फोटॉनपैकी फक्त १.३ फोटॉन आखलेल्या वाटेने बाहेर पडतात, ६६ खडबडीत कडेवर विखुरतात आणि उरलेले ३३ शोषले जातात. ज्या दिशेसाठी सारी खटपट केली ती दिशा फोटॉनांच्या दीड टक्क्यालाही लाभत नाही.

त्याच कॅव्हिटीचा आकार थोडा अधिक बिघडवून आकारजन्य क्यू-गुणांक १५,००० वर आणला तर काय होते ते पाहावे. एकूण गुणांक सुमारे ७,०६० होतो आणि लागणारी वाढ दर सेंटिमीटरला ३५ ते ३६ वर जाते, म्हणजे पूर्वीच्या दुपटीलाही पोहोचत नाही. आखलेल्या वाटेने जाणारा वाटा मात्र ४७ टक्के होतो, म्हणजे सुमारे छत्तीसपट. प्रकाशन करताना मोठा क्यू-गुणांक मिरवता येतो हे खरे, पण लेसरमधून प्रकाश बाहेर काढायचा असेल तर आकारजन्य क्यू-गुणांक बाकीच्या घटकांच्या एकत्रित गुणांकाएवढा किंवा त्याहून थोडा कमी ठेवणे हाच माझ्या मते शहाणपणाचा मार्ग आहे. संवेदकासारख्या वापरात, जिथे अरुंद शिखर हेच भांडवल असते, तिथे गणित उलटे होते.

तिसरी पायरी : क्यू-गुणांक मोजणे

शिखराची रुंदी कुठल्याही पंप-पातळीवर मोजून चालत नाही. पंप कमी असताना क्वांटम वेल स्वतःच प्रकाश शोषते आणि शिखर असायला हवे त्याहून रुंद दिसते. उंबरठ्याच्या वर उद्दीपित उत्सर्जनामुळे ते आकुंचन पावते आणि कॅव्हिटीबद्दल काहीच सांगत नाही. खरी रुंदी या दोहोंच्या मध्ये, पदार्थ पारदर्शक होतो त्या पातळीवर मिळते. ती नेमकी सापडणे कठीण असते, म्हणून उंबरठ्याखालच्या अनेक पातळ्यांवर रुंदी मोजून तिचा पंपाशी आलेख काढावा आणि स्वतंत्रपणे काढलेल्या पारदर्शकतेच्या बिंदूशी ताडून पाहावा.

वरच्या उदाहरणात १,००० नॅनोमीटरला शिखराची रुंदी सुमारे ०.०७६ नॅनोमीटर येते. स्पेक्ट्रोमीटरचे विभेदन यापेक्षा तीन-चार पटींनी सूक्ष्म नसेल तर आपण उपकरणाची रुंदी मोजत आहोत असे समजावे. एखाद्या अरुंद, ज्ञात रेषेवर उपकरणाचा प्रतिसाद आधी मोजून ठेवावा आणि पुढे प्रत्येक शिखरातून तो वजा करण्याची पद्धत ठरवून टाकावी.

तापमानाचा प्रश्न तितकाच खोडकर आहे. बारीक खांबावरची चकती झटकन तापते आणि मोडची तरंगलांबी अंशामागे नॅनोमीटरच्या शंभराव्या भागांच्या हिशेबात लाल बाजूला सरकते. सतत पंपाखाली एका मोजणीच्या अवधीत तापमान डळमळले तर शिखर रुंद झाल्याचा भास होतो. स्पंदित पंप वापरावा आणि स्पंदाची लांबी निम्मी करून रुंदी बदलते का ते पाहावे. बदलत असेल तर ती रुंदी हानीची नाही.

शिखराला दोन टोके दिसणे हा दोष नसून माहिती आहे. गोल चकतीत घड्याळाच्या दिशेने आणि उलट दिशेने फिरणाऱ्या लहरींची वारंवारता एकच असते. कडेवरचे प्रकीर्णन त्यांना एकमेकींत मिसळते आणि एका शिखराची दोन होतात. दोन्हींवर स्वतंत्र लॉरेन्झ वक्र बसवून प्रत्येकाची रुंदी काढावी. एकच रुंद वक्र बसवला तर क्यू-गुणांक विनाकारण कमी निघतो. दोन शिखरांमधील अंतर प्रकीर्णनाच्या बळाचा स्वतंत्र अंदाज देते, तोही नोंदवून ठेवावा.

हानीचे घटक वेगळे करण्याची सर्वांत विश्वासार्ह रीत म्हणजे एकाच वेफरवर, एकाच एचिंगमध्ये निरनिराळ्या त्रिज्यांच्या चकत्या बनवणे. त्रिज्येबरोबर क्यू-गुणांक झपाट्याने, घातांकी चालीने चढत असेल तर वक्रतेची गळती वरचढ आहे. साधारण त्रिज्येच्या प्रमाणात वाढत असेल तर कडेचे प्रकीर्णन वरचढ आहे. एका पातळीवर जाऊन सपाट होत असेल तर पदार्थातील शोषण मर्यादा घालत आहे. एकाच चकतीच्या मोजमापावरून हे घटक वेगळे करता येत नाहीत, त्यामुळे मुखवट्याची रचना करतानाच ही मालिका त्यात घालून ठेवावी. नंतर आठवून उपयोग नसतो.

उंबरठ्याबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. उत्स्फूर्त उत्सर्जनाचा मोठा वाटा जर लेसरच्या मोडमध्येच जात असेल तर पंप आणि निर्गत प्रकाश यांच्या आलेखातील वळण पुसट होते. अशा वेळी दोन्ही अक्ष लॉगरिथमी ठेवावेत, आलेखाचा इंग्रजी ‘एस’सारखा आकार पाहावा आणि शक्य असेल तर फोटॉनांची सांख्यिकी तपासावी.

चौथी पायरी : दिशेचा आलेख काढणे

दूरक्षेत्र, म्हणजे जिथून पुढे दिशेच्या आलेखाचा आकार बदलत नाही तो भाग, किती दूर, याचे उत्तर व्यासाच्या वर्गाची दुप्पट भागिले तरंगलांबी या सूत्राने मिळते. व्यास १० मायक्रोमीटर आणि तरंगलांबी १ मायक्रोमीटर असेल तर हे अंतर फक्त २०० मायक्रोमीटर असते. त्यामुळे काही सेंटिमीटरवर ठेवलेला संवेदक निःसंशय दूरक्षेत्रात असतो. अडचण वेगळीच असते. चकतीच्या पातळीत निघालेला प्रकाश चिपच्या सपाट पृष्ठभागावरून जातो आणि शेजारची दुसरी चकती, खोदलेल्या खड्ड्याची भिंत किंवा चिपची कड वाटेत आली तर तिथून परावर्तित होतो. म्हणून जिची मोजणी करायची ती चकती चिपच्या कडेजवळ किंवा आजूबाजूचा भाग खोल खोदून उंचवट्यावर घ्यावी. खालच्या आधारपृष्ठावरून परावर्तित झालेला प्रकाश थेट प्रकाशात मिसळला की उभ्या दिशेत पट्टे उमटतात आणि ते कॅव्हिटीच्या माथी मारले जातात. संवेदकाची उंची थोडी बदलून आडवा आलेख पुन्हा काढला तर हा प्रकार उघडा पडतो.

कोनीय विभेदन आधी ठरवावे. ५ मिलिमीटर रुंदीची फट १० सेंटिमीटरवर ठेवली तर ते सुमारे २.९ अंश असते. आपल्या ३८ क्रमांकाच्या मोडला परिघावर ७६ कळ्या (तीव्रतेची शिखरे) असतात आणि लागोपाठच्या दोन कळ्यांत ४.७ अंशांचे अंतर असते, म्हणजे ही फट त्यांना जेमतेम वेगळे दाखवील. तरीही गोल चकतीत त्या अनेकदा दिसतच नाहीत. वर उल्लेखलेल्या जोडीतील दोन्ही मोड एकाच वेळी प्रकाशत असतील तर एकाच्या कळ्या दुसऱ्याच्या दऱ्यांत बसतात आणि बेरीज सपाट होते. सपाट आलेख म्हणजे विभेदन अपुरे, असे गृहीत धरू नये.

प्रत्येक मोडचा आलेख वेगळा काढावा. संवेदकापूर्वी मोनोक्रोमेटर किंवा अरुंद फिल्टर नसेल तर उत्स्फूर्त उत्सर्जनाची पार्श्वभूमी आणि सर्व मोड एकत्र येतात. ध्रुवणदर्शकही लावावा, कारण पातळ चकतीतील मुख्य मोडचे विद्युतक्षेत्र चकतीच्या पातळीत असते आणि दुसऱ्या ध्रुवणातील प्रकाश बहुधा प्रकीर्णनातून आलेला असतो. त्या प्रकाशाचा आलेख टाकून न देता जपून ठेवावा, कारण शेवटच्या पायरीत तो उपयोगी पडतो. पंप वाढवत तीन-चार पातळ्यांवर मोजणी केल्यास आलेखाचा आकार स्थिर आहे की मोड बदलत आहे हेही कळते.

पाचवी पायरी : आकाराची निवड आणि किरणांचे चित्र

आदर्श गोल चकती सगळ्या दिशांना सारखाच प्रकाश देते, म्हणून दिशा हवी असेल तर सममिती मोडावी लागते. जेन्स नॉकेल आणि डग्लस स्टोन यांनी १९९७ मध्ये दाखवले की बिघडवलेल्या चकतीत किरणांची गती अंशतः किंवा पूर्णतः केऑटिक (सुरुवातीच्या किंचित फरकानेही मार्ग पार बदलणारी) होते आणि ती गती समजून घेतली तर बाहेर पडण्याच्या दिशांचा अंदाज बांधता येतो. त्याच्या पुढच्याच वर्षी बेल लॅबोरेटरीजमध्ये क्वांटम कॅस्केड लेसरवर चपटी चकती वापरून बो-टायच्या आकाराच्या मोडमधून दिशादर्शक प्रकाश मिळवला गेला. गोल चकतीच्या तुलनेत निर्गत शक्ती सुमारे हजारपटींपर्यंत वाढली. त्या प्रयोगात क्यू-गुणांक मुद्दाम खर्ची घातलेला होता.

किरणांची गणना स्वतः करून पाहावी. तिला साधा संगणक आणि शंभरेक ओळींचा प्रोग्रॅम पुरतो. कडेचे समीकरण घ्यावे. कडेवरील स्थान आणि आपात-कोनाची ज्या यांच्या पटावर एक लाखाच्या आसपास किरण समप्रमाणात पेरावेत. प्रत्येक आपटण्याला फ्रेनेलच्या सूत्राने किती तीव्रता बाहेर गेली आणि कोणत्या कोनात गेली ते नोंदवावे, आत उरलेली तीव्रता पुढे न्यावी. सुरुवातीची काही दहा आपटणी सोडून द्यावीत, कारण त्यांत सुरुवातीच्या पेरणीचाच ठसा असतो. त्यानंतर बाहेर पडलेली तीव्रता एकेक अंशाच्या कप्प्यांत जमा केली की दूरक्षेत्राचा अंदाज तयार होतो. सोबत स्थान आणि ज्या यांच्या पटावर, म्हणजे पॉइन्कारे छेदावर, किरणांचे ठिपके काढावेत आणि क्रांतिक कोनाच्या दोन रेषा आखाव्यात. या दोन रेषांमधील पट्टा म्हणजे गळतीचे क्षेत्र. केऑटिक किरण त्या पट्ट्यात वाटेल तिथून शिरत नाहीत. ते अस्थिर मॅनिफोल्डच्या, म्हणजे असे किरण ज्या वक्ररेषांवरून पसरत जातात त्यांच्या, ठराविक फाट्यांवरूनच शिरतात. त्यामुळे वेगवेगळ्या तरंगलांबींचे, आतून अगदी भिन्न दिसणारे दीर्घायुषी मोडसुद्धा बाहेर जवळजवळ सारखाच आलेख देतात. चकती-लेसरांच्या साऱ्या विषयात मला याहून देखणी गोष्ट दिसत नाही.

यान वियर्सिग आणि मार्टिना हेन्टशेल यांनी २००८ मध्ये सुचवलेला लिमासॉन आकार याच विचारातून आला. त्याची त्रिज्या कोनानुसार एक अधिक ०.४३ गुणिले कोनाची कोज्या या प्रमाणात बदलते आणि अपवर्तनांक ३.३ असताना प्रकाश मुख्यतः एकाच दिशेने जातो, तरीही क्यू-गुणांक उच्च राहतो. पुढच्या वर्षी निरनिराळ्या गटांनी तो प्रत्यक्षात करून दाखवला. इंडियम गॅलियम नायट्राइडच्या सर्पिल चकत्या त्याआधी २००३ मध्ये आल्या होत्या, पण सर्पिलाच्या पायरीवर प्रकाशाची बरीच हानी होते. २०१० मधील खाच पाडलेल्या लंबवर्तुळाकार क्वांटम कॅस्केड लेसरने पातळीत सुमारे ६ अंशांपर्यंत अरुंद झोत दिला. झोत अरुंद हवा असेल तर खाचेची कल्पना अधिक सरस वाटते, मात्र तिच्या जागेची आणि मापाची अचूकता राखावी लागते.

०.४३ हा आकडा कुठेही डोळे मिटून वापरू नये. तो ३.३ च्या आसपासच्या अपवर्तनांकासाठी आहे. पॉलिमरसारख्या कमी अपवर्तनांकाच्या पदार्थांत गळतीचा पट्टा कितीतरी रुंद असतो आणि चित्रच बदलते. डोळ्यांना जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या दोन पॉलिमर चकत्यांनी पूर्णपणे भिन्न दिशांना प्रकाश दिल्याचे प्रयोगात आढळलेले आहे. म्हणून निवडलेल्या आकाराचे माप आणि अपवर्तनांक दोन्ही दोन-तीन टक्क्यांनी इकडे-तिकडे करून गणना पुन्हा चालवावी. त्यात मुख्य झोत जागेवर राहिला तरच आकार मुखवट्यावर न्यावा.

सहावी पायरी : लहरींची गणना

चकती जितकी लहान, तितके किरणांचे चित्र ढोबळ. क्रांतिक कोनाच्या जवळ किरणाचा झोत काही प्रमाणात गाळला जातो आणि स्नेलच्या नियमाने सांगितलेल्या दिशेपासून बाजूला सरकतो. अंतिम निर्णयासाठी मॅक्सवेलची समीकरणे सोडवावीतच. सीमा-घटक पद्धत द्विमितीय आकारांना उत्तम जमते. तीत उत्तर संमिश्र वारंवारतेच्या रूपात येते आणि वास्तव भागाला काल्पनिक भागाच्या दुपटीने भागले की आकारजन्य क्यू-गुणांक मिळतो. परिमित-भेद काल-क्षेत्र पद्धत अधिक प्रचलित आहे, पण चौकोनी जाळीवर वक्र कड पायऱ्यापायऱ्यांची होते आणि त्या पायऱ्यांवर खोटे प्रकीर्णन घडते. एक लाखाच्या वरचे क्यू-गुणांक या पद्धतीने काढताना जाळी निम्मी करून उत्तर स्थिरावते का हे न पाहता आकडा लिहू नये. द्विमितीय गणनेत परिणामी अपवर्तनांक तरंगलांबीनुसार बदलायला हवा आणि मोड क्रांतिक कोनाच्या जवळचा असेल तर त्रिमितीय गणनेवाचून गत्यंतर नसते.

सातवी पायरी : दोन्ही आलेख एकत्र वाचणे

आता मोजलेला क्यू-गुणांक आणि गणनेतील आकारजन्य गुणांक यांचे गुणोत्तर काढावे. मोजलेल्याला गणनेतल्याने भागले की आखलेल्या वाटेने जाणाऱ्या फोटॉनांचा वाटा मिळतो. हे गुणोत्तर ०.३ किंवा त्याहून मोठे असेल आणि तरीही दिशेचा आलेख गणनेशी जुळत नसेल, तर चूक आकारात किंवा अपवर्तनांकात शोधावी. सूक्ष्मदर्शकातील चित्रावरून प्रत्यक्ष कड मोजून ती गणनेत घालणे हा पहिला उपाय.

गुणोत्तर ०.०१ च्या घरात असेल तर न जुळण्याचे कारण आकारात शोधण्यात अर्थ नाही, कारण आलेखात दिसतो तो बहुतांशी खडबडीतपणाचा प्रकाश. इथे एक बारकावा आहे. कडेवर प्रकीर्ण झालेला सगळाच प्रकाश थेट बाहेर पडत नाही. त्याचा काही भाग आतल्या आत कोन बदलून केऑटिक क्षेत्रात पडतो आणि मग त्याच ठराविक फाट्यांवरून बाहेर येतो. त्यामुळे प्रकीर्णन प्रबळ असतानाही आलेखात अपेक्षित झोत दिसू शकतो, फक्त त्याच्या खाली सपाट पार्श्वभूमी चढलेली असते. ही पार्श्वभूमी आणि दुसऱ्या ध्रुवणात जपून ठेवलेला आलेख यांची तुलना करावी. दोन्ही सारख्याच चालीने बदलत असतील तर पार्श्वभूमी थेट प्रकीर्णनाची आहे आणि उपाय एचिंगमध्ये आहे.

शेवटची पडताळणी शक्तीची असावी. उंबरठ्यावरील उताराला, म्हणजे वाढवलेल्या पंपामागे मिळणाऱ्या प्रकाशाला, शोषलेल्या पंपाच्या शक्तीने आणि फोटॉनांच्या ऊर्जांच्या गुणोत्तराने योग्य रीतीने विभागून विभेदी कार्यक्षमता काढावी आणि ताळेबंदातील वाट्याशी ताडावी. पातळीत फिरणारा संवेदक उभ्या दिशेतील प्रकाशाची फक्त एक पातळ फीत गोळा करतो, आणि २०० नॅनोमीटर जाडीच्या चकतीतून निघालेला प्रकाश उभ्या दिशेत फार रुंद पसरतो. म्हणून निदान मुख्य झोताच्या दिशेत संवेदक वर-खाली नेऊन हा पसारा मोजावा आणि एकूण शक्ती त्यानुसार वाढवून धरावी. ही दुरुस्ती केल्यावरही कार्यक्षमता ताळेबंदातील आखलेली वाट आणि प्रकीर्णन या दोन वाट्यांच्या बेरजेपेक्षा बरीच कमी निघत असेल, तर शोषणाचा घटक कमी लेखला गेला आहे किंवा पंपाने निर्माण केलेले विद्युतभार कडेवर वाया जात आहेत. यांपैकी कोणते खरे हे निष्क्रिय केलेल्या आणि न केलेल्या अशा दोन चकत्यांच्या शिखरांची रुंदी शेजारी ठेवून ठरवता येते.